भिंतीवरचा सूर्य

जनसुनावणीत सुलभाताई तांबट उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्याने झाकलेलं ताट होतं आणि डोकं तापलेलं होतं. समोर कंपनीचे साहेब पडद्यावर शहराचं छायाचित्र दाखवत होते. त्यात नुसतं निळं आकाश होतं.

“आमचं चाळीस मजली कार्यालय इथेच उभं आहे,” साहेब कौतुकाने म्हणाले. “पाठीमागचं आकाश त्याच्या भिंती जसंच्या तसं पुढे दाखवतात. कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांनी पसंती दिलीय. ताई, तुमचीच हरकत का?”

“दिसत नाही म्हणून सावली पडायची थांबते का? आम्ही अकराजणी गच्चीवर पापड वाळत घालतो. पंधरा दिवस झाले, तिथे ऊन उतरलेलं नाही.”

“असं कसं? भिंतीवर सूर्यसुद्धा दिसतो की. अगदी वेळेवर वर येतो. लोक नमस्कार करतात त्याला.”

सुलभाताईंनी ओठांवर आलेली शिवी गिळली. परवापर्यंत त्यांनीही खरा समजून रोज सकाळी त्याच सूर्याला अर्घ्य दिलं होतं. ते आठवून त्यांच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. त्या तडक पुढे गेल्या, ताट साहेबांच्या टेबलावर आदळलं आणि फडकं ओढून काढलं. पापडांवर हिरवट बुरशी चढली होती.

“तुमच्याच सूर्याखाली चार दिवस वाळवलेत,” त्या म्हणाल्या. “आता एक उचला आणि सगळ्यांदेखत खा.”