गालाचं हाड

"तोंड उघडा. अजून थोडं. हा कट्‌ आवाज कधीपासून येतोय?" सर्जनांनी विचारलं.

"जांभई देताना येतो," उत्तर नवऱ्यानं दिलं.

अपघातापासून तिच्या वतीनं तोच बोलायचा. आधी जबडा तारांनी बांधलेला होता म्हणून, आणि नंतर सवयच पडली. तिची काही तक्रार नव्हती. वर्षभर तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं त्यानं तिला.

सर्जनांनी पडद्यावर दोन स्कॅन शेजारी शेजारी लावले. "हा आपण बसवलेला सिरॅमिकचा तुकडा. आणि हा आजचा स्कॅन. शोधा बघू तुकडा!"

सापडेना. तो विरघळत गेला होता आणि त्याच्या जागी तिचंच हाड भरत आलं होतं.

"पाहुणा आला, घर बांधून दिलं आणि मुकाट्यानं निघून गेला," सर्जन हसले. "असे पाहुणे मिळत नाहीत हल्ली."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. तिला मात्र हसू येईना. गाल भरून आला, पण तो सायकलवरचा पेपरवाला काही परत येणार नव्हता. तिच्या हातून गाडी त्याच्या अंगावर गेली होती. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं तेवढंच ठाऊक. उद्या कोर्टात ती गुन्हा कबूल करणार होती. तुरुंगात जावं लागलं तर लेकीची वेणी कोण घालणार, हेच तिच्या मनात घोळत असायचं.

"मी आहे ना," तो रोज म्हणायचा. तेवढ्यावर ती तग धरून होती.

सर्जनांनी तिच्या कानापुढे बोट दाबलं. ती कळवळली.

"हाड बाजूनं दणका बसून फुटलं होतं. त्यातच हा सांधाही दुखावला असेल. आदळलात तेव्हा मान कशी होती?"

ती ओशाळली. "मला नाही हो आठवत."

"फार दुखतंय का गं?" नवरा काळजीनं पुढे सरकला, आणि नेहमीसारखं तिच्याऐवजी त्यानंच सर्जनांना सांगून टाकलं.

"खिडकीला गाल टेकून गाढ झोपली होती, डॉक्टर. गाडी वळवताना मी हाकसुद्धा मारली तिला."