नुसतं नाव

"यातलं एक नाव कमी करावं लागतंय," एजंट श्रीमंत म्हणाला आणि कागद पुढं सरकवला.

कागदावर तीन नावं होती. रुद्राणी, जन्म १९८१. शिवकांता, १९८३. विरूपाक्ष, १९८६. श्रीमंत व्हिसाची कामं करायचा. लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. समोर त्या तिघांचे आईबाप, ईश्वरप्पा आणि गुरम्मा, बसले होते. त्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून थोरली लेक रुद्राणी उभी होती. टेबलावरच्या मोबाइलमधून मेलबर्नला राहणारा धाकटा विरूपाक्ष बोलत होता.

नियम साधा होता. आईबापांना ऑस्ट्रेलियात लेकाजवळ कायमचं राहायचं, तर निम्मी तरी लेकरं तिथं असावी लागत. यांचा एक तिकडं, दोघी इकडं. अर्ज पडणार. दोनपैकी एक तिकडं असला, तर चालणार.

"दुसरा रस्ता न्हाई का?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"हाय की. व्हिजिटर व्हिसा. जायचं, राहायचं, मुदत संपली की परत यायचं."

"अप्पा, असं किती वर्षं येणं-जाणं करणार?" विरूपाक्ष म्हणाला. "तिथं प्यायला पाणी नाही. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. मला इथं चैन पडत नाही. कायमचेच या."

तो खोटं बोलत नव्हता. आणि गुरम्माला जायचं होतं. नात चार वर्षांची झाली होती. तिला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नव्हतं.

लातूरच्या नळाला फेब्रुवारीपासून पाणी नव्हतं. एप्रिलात ते मिरजेहून रेल्वेनं यायला लागलं. रुद्राणीचं सासर आईबापांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. टँकर आला की ती पहिल्या दोन घागरी स्कुटीवर आईच्या दारात आणून ठेवायची. मग स्वतःच्या घरी न्यायची.

"कुणाचं कमी करायचं?" गुरम्मानं विचारलं.

श्रीमंतनं रुद्राणीकडं न बघता उत्तर दिलं. "ताईंचं सोपं जातंय. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशीला. ताई त्याच्या आधीच्या. त्यांची नोंद जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादच्या दप्तरात. लातूरला कुणी शोधलं तरी दोघंच सापडतेत."

रुद्राणी हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"म्हंजे मी उस्मानाबादची अन् हे दोघं लातूरचे. अव्वा, तुझ्या पोटात दोन जिल्हे होते का गं?"

"अक्का, चिडू नको," फोनमधून विरूपाक्ष म्हणाला. "शिवकांताचे मिस्टर नांदेडला बँकेत आहेत. उद्या ती दोघं इकडं फिरायला आली, तर तिचं नाव आधीच्या कागदात पाहिजे. तुला कुठं जायचंय?"

"खरंय," रुद्राणी म्हणाली. "मला कुठं जायचंय? अप्पाला दवाखान्यात न्यायचं, तेवढंच. काढा माझं."

"काढलं म्हणून तू परकी होतीस का?" ईश्वरप्पा पुटपुटले. "लग्न झाल्यावर रेशन कार्डावरनं तुझं नाव कमी केलंच होतं की. तवा काय लेक न्हाई राहिलीस?"

"तवा मी दुसऱ्या कार्डावर चढले, अप्पा. आता कुठं चढू?"

ईश्वरप्पांनी कागद स्वतःकडं ओढला.

"शपथपत्राच्या बाँडवर काय लिहिणार?" गुरम्मानं विचारलं.

श्रीमंतनं नमुना वाचून दाखवला. "'आम्हा उभयतांस वर नमूद केलेली दोनच अपत्ये असून, याव्यतिरिक्त दुसरे कोणतेही अपत्य जन्मास आलेले नाही, असे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.' खाली दोघांच्या सह्या. नोटरी ओळखीचा हाय."

"जन्मासच आलं न्हाई?"

"भाषा तशीच असती, मावशी."

गुरम्मा सातवी शिकलेली होती. आजवर नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं ती सही करायची. वर काय लिहिलंय, हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

ईश्वरप्पांनी पेन घेतलं. पहिल्या नावावर टेकवलं आणि परत उचललं. "तुम्हीच मारा हो रेघ," ते श्रीमंतला म्हणाले.

"ते तुम्हीच करा, अप्पा. उद्या माझ्यावर यायला नको."

"लवकर करा ना," विरूपाक्ष म्हणाला. "मला पोरीला क्लासहून आणायचंय."

"द्या इकडं," गुरम्मा म्हणाली. तिनं नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

रुद्राणीनं पाठ फिरवली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"थांब. बघून जा."

"काय बघायचं, अव्वा?"

रुद्राणी थांबली, पण वळली नाही. गुरम्मानं रेघ मारली. एकदा मारली, मग त्याच रेघेवरून परत, दाबून. कागद फाटला. श्रीमंतनं वाकून पाहिलं आणि तो खुर्चीत मागं सरकला. ईश्वरप्पांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी हे तोंड पाहिलं नव्हतं.

"झालं का, अव्वा?" फोनमधून आवाज आला.

"झालं."

"अक्काला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको. नुसतं नाव आहे."

"नुसतं नावच हाय," गुरम्मा म्हणाली. "तूबी वाईट वाटून घेऊ नको, विरू. तुजंच काढलंय."