खडकाला वळसा

तीस वर्षं सरांनी या किनाऱ्यावर विंडसर्फिंग शिकवलं. अर्धं गाव हाताखालून गेलं, बायको तेवढी सुटली. तिनं दोनदा विचारलं, पण "तुला कुठे झेपणार!" म्हणत सरांनी हसण्यावारी नेलं. ती फाटकी शिडं शिवत राहिली. आता गुडघे गेल्यामुळे सर वाळूत खुर्चीवर बसले होते आणि त्यांचीच जुनी विद्यार्थिनी तिला शिकवत होती. मंद वाऱ्यात चारदा पाण्यात पडून, पाचव्यांदा ती शीड सावरत फळीवर उभी राहिली आणि खडकाला वळसा घालून परत आली. चेहरा नुसता फुलला होता. टॉवेल देताना सर म्हणाले, "चुकलंच माझं. तेव्हाच शिकवायला हवं होतं." "जाऊ द्या हो," ती हसली. "उद्याही येणार मी. तुम्ही घरी थांबलात तरी चालेल." रागावली असती, तर निदान समजूत तरी काढता आली असती.