एका मशीनचा लोड

"किती तास चालली पाहिजे?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"तास न्हाई अप्पा, दिवस. आमची डीपी जळाली की आठ दिवस लाइट नसते."

लातूरच्या या बॅटरीच्या दुकानात शेषेराव रेणापूरकडच्या खेड्यातून आले होते. बायको लक्ष्मीबाई महिनाभर दवाखान्यात होती. फुप्फुसं कामातून गेली होती. आता डॉक्टर म्हणत होते, घरी न्या, पण ऑक्सिजनचं मशीन क्षणभरही बंद पडता कामा नये. मागच्या खेपेला डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळाला, इन्व्हर्टर बसला आणि तिला टेम्पोत घालून लातूर गाठावं लागलं. त्या वाटेवर तिची नखं निळी पडली होती.

"पैशाचं सोडा. टिकंल ते सांगा."

गुरुबसप्पा गोड बोलून माल गळ्यात मारणाऱ्यातले नव्हते. चाळीस वर्षं झाली तरी दुकान म्हणूनच एका शटरचं राहिलं होतं.

"ही पाणी टाकायची बॅटरी. दोन जोडल्या तर सात तास. ही लिथियम, तेरा तास. पण रिकाम्या झाल्या की दोन्ही नुस्ते डबे. जनरेटर घ्याल, तर पुलावर पाणी आल्यावर तेल कुठून आणाल? त्यापरीस छतावर सोलरचं पॅनल बसवा, खाली दोन लिथियम ठेवा. दिवसा भरतील, रातीला चालतील. आभाळ असलं तरी एका मशीनपुरतं निघंल."

"आठ दिवस?"

"पंधरा बी निघतील. फकस्त मशीन लावायचं. दुसरं काय बी न्हाई."

शेषेराव हसले. महिन्यात पहिल्यांदा हसले असतील. मग खाली बघत राहिले.

"दुसरं काय लावता?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"गावातले मोबाइल."

"ते चालतंय. अजून?"

"बोअरची मोटर. डीपी गेली की गल्लीत थेंब नसतो. मागं बी लावली व्हती. चार तास चालायचा इन्व्हर्टर दीड तासात बसला."

गुरुबसप्पांनी पेन खाली ठेवलं. रागच आला त्यांना. "बाई मशीनवर असताना?"

"बाया घागरी घेऊन दारात उभ्या. पाण्याला न्हाई कसं म्हणावं?"

"आता म्हणा. मोटर लावली तर माझ्या दुकानातलं काहीच पुरणार न्हाई. दुसऱ्या दिवशीच बसंल."

"मी म्हणीन बी. तीच म्हणू देत न्हाई."

"का?"

शेषेरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"काल म्हणली, आपल्याला लेकरू न्हाई. बायांना पाणी भरू द्या. मला उचलायला चौघं त्यांच्याच घरातून यायचे हायेत."