पडद्यावरचे ओठ

"तुमच्या नाटकातली आई मुलाच्या शवपेटीवर वाकून 'कांद्याचा वास कुठून येतोय?' असं खरंच म्हणते?"

ओपलचा आवाज जरा जास्तच मोठा लागला. तिला तो ऐकूच यायचा नाही. डोळे पुसत थिएटरबाहेर पडणारी माणसं थबकली. खांबाआड बहिऱ्या मुलींच्या शाळेतल्या तिच्या मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या. लेखिकेला हे विचारायची पैज त्यांनीच लावली होती.

हातमोजा चढवता चढवता मिसेस थॉर्प थांबल्या. आत नुकताच संपलेला मूकपट त्यांच्या नाटकावरून काढलेला होता.

"असं म्हणते ती?"

"हो! आणि मग, 'आटपा लवकर, पाठ मोडली माझी.' आम्ही ओठ वाचतो ना! आमची अख्खी रांग हसत होती."

"ते हसणं तुमचं होतं तर." बाईंनी हातमोजा परत काढला. "पडद्यावरच्या पाटीवर नुसतं 'निरोप' आलं. म्हटलं, असू दे. ऐकू आलं नाही तरी तिच्या ओठांवर माझं वाक्य असेल. तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा आले मी."

ओपलचं हसू मावळलं. "तुमचं वाक्य काय होतं?"

बाईंनी ओठ सावकाश हलवले. "दार नुसतं लोटून ठेवते रे, वॉल्टी. कडी नाही लावत."

"पण नाटकातला मुलगा तर हेन्री आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "नाटकातला."

ओपलचे हातच वर आले. शाळेत मनाई असलेल्या खुणांनी तिनं ते वाक्य म्हटलं. एक तळवा दुसऱ्याकडे दारासारखा सरकला आणि टेकायच्या आधी थांबला. मध्ये फट राहिली.

बाई त्या फटीकडे बघत राहिल्या. "पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणणार, इतक्यात गर्दीतून आलेल्या आईनं तिची मनगटं धरली. मागून बाबा आले, अवघडून टोपी चाचपत.

"चारचौघांत हात नाही हलवायचे! किती वेळा सांगायचं, ओपल? तोंडानं बोल. एवढी वर्षं शिकवलं ते कशासाठी?"

ओपलनं मनगटं सोडवून घेतली.

"तोंडानंच सांगते, आई. शाळेच्या कार्यक्रमात मी ती पाठ करून घेतलेली गुलाबाची कविता म्हणणार नाही. बाबा, तुम्हीही आईबरोबर पुढच्या रांगेत बसा. मी यांचं वाक्य म्हणणार आहे. हातांनी."