चार नंबरची हजेरी

पुढचं बॅरिकेड हाताला लागलं तर इराच्या पदरात काय पडणार होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. तिची उंची चार फूट नऊ इंच. बॅरिकेड मिळालं तर गिटारवाला आठ हातांवर दिसणार. नाही मिळालं तर पुढच्याचा शर्ट. मागच्या कॉन्सर्टला तिनं अडीच तास एकच शर्ट पाहिला होता. त्यावर एकतीस अननस होते.

म्हणून ती पहाटे साडेपाचलाच मांडव्याच्या मैदानाच्या फाटकाशी येऊन बसली. मुंबईकर पहिल्या बोटीनं उतरेपर्यंत थळच्या या मुलीनं चौथा नंबर गाठला होता. पुढे तिघंच : न्हावाशेव्याला कंटेनरच्या नोंदी ठेवणारा दीपेश आणि त्याचे दोन मित्र, दुसरी पाळी उरकून रात्रीच थेट आलेले. इराबरोबर तिची आई कुमुदबाईही स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या, कारण मुलीनं काळोखात एकटीनं जावं हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. घावणांचा मोठा डबा होता.

रांगेचा कायदा रांगेनंच केलेला. हातावर मार्करनं नंबर, वहीत नाव, दर दोन तासांनी हजेरी. तीनदा पुकारून जो 'हजर' म्हणणार नाही त्याचं नाव कापायचं, त्यानं शेवटी जायचं. वही आधी पनवेलच्या सलिलकडे होती. दहाच्या हजेरीला त्याचाच मित्र गैरहजर निघाला आणि सलिलला अचानक दया आली. बोटीनं आलेले भडकले. अर्धा तास तंटा झाल्यावर दीपेशनं तोडगा काढला.

"ज्याला आत जायचंच न्हाय, त्याच्याकडे वही द्या. बाईंकडे द्या."

बाई पस्तीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली नऊ मुख्याध्यापिका. वही हातात येताच त्यांनी पट्टी मागितली. पट्टी कुणाकडेच नव्हती, तेव्हा डब्याच्या झाकणाची कड धरून त्यांनी पानावर रकाने आखले. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाराच्या हजेरीला त्यांनी दोघांची नावं कापली. एक पाव आणायला गेला होता, धावत परतलाही होता, पण तिसऱ्या हाकेनंतर. बाईंनी शेऱ्यात 'पाव आणण्यास' असं लिहिलं आणि त्याला शेवटी पाठवलं. रांगेला बाई फार आवडल्या.

दीड वाजता बाईंचं डोकं जड झालं. रक्तदाबाची गोळी स्कूटरच्या डिकीत राहिली होती, आणि स्कूटर जेट्टीपाशी.

"मी आणते," इरा म्हणाली. "उशीर झालाच तर हजेरी पाच मिनिटं लांबव."

"तू जा आधी."

हे 'हो' होतं की 'नाही', ते विचारायला इरा थांबली नाही.

दोन वाजले. बाईंनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. बाईंच्या वहीनं कुणाला दिलेली सवलत काय ती एवढीच.

"एक नंबर."

"हजर."

दोन आणि तीनही हजर होते.

"चार नंबर. इरा."

सुरूच्या झाडांतून वारा येत होता. बाईंनी रस्त्याकडे पाहिलं नाही.

"चार नंबर, इरा."

मागे कुणीतरी घसा खाकरला.

"चार नंबर," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि त्यांनी रेघ मारली.

दोन वाजून तीन मिनिटांनी इरा धापा टाकत आली. मुठीत गोळ्यांची पट्टी. वहीतली रेघ तिनं उलट्या बाजूनंही ओळखली.

"राहू द्या ना बाई, पोरगी तुमच्यासाठीच गेलेली," दीपेश म्हणाला. त्याच्या दोन मित्रांनीही मान हलवली. पहिल्या तिघांना उदार व्हायला काही खर्च नव्हता. पाचव्या नंबरची क्षिप्रा सकाळपासून बाईंची सहा घावणं खाऊन बसली होती. तिला नेमका तेव्हाच मोबाइलवर महत्त्वाचा निरोप आला.

"आई, तुझ्याच गोळीला गेले होते."

"माहीत आहे मला. तो पाववालाही धावतच आला होता."

"शाळेत बुटक्या मुलांना पुढे उभं करायचीस तू."

"ते प्रार्थनेला. ही हजेरी आहे."

 इरानं पट्टीतली एक गोळी काढून आईच्या तळहातावर ठेवली, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "घे आधी."

बाईंनी गोळी घेतली. मुलीचा हात ओढून पदरानं चारचा आकडा पुसून पाहिला. मार्कर पक्का होता. त्यांनी त्यावर रेघ मारली आणि शेजारी नवा नंबर लिहिला, नेहमीच्या वळणदार अक्षरात. इरा रांगेच्या कडेकडेनं मागे गेली. ती जाईल तशी रांग एकेक पाऊल पुढे सरकली.

चार वाजता फाटक उघडलं. बाटल्या आत नेऊ देत नव्हते, म्हणून इराची बाटली बाईंकडेच राहिली. माणसं धावत सुटली. शेवटी धावणाऱ्यांत एक बुटकी मुलगी होती. तिनं वळून हात हलवला. कुणाला, ते गर्दीत कळलं नाही.

हिशेब चोख जुळला. एकशे चौदा जणांना एकेक जागेचा नफा, आणि एकीला एकशे चौदा जागांचा तोटा.

फाटकाबाहेर सुरूच्या सावलीत बाई रिकामा डबा शेजारी ठेवून बसल्या. वही परत मागायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी ती उघडली. चार नंबरच्या ओळीत शेऱ्याचा रकाना कोराच राहिला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं : 'आईचे औषध आणण्यास.'