बिनआवाजाचा पंखा

कॉम्प्युटरला तिसरा पंखा बसवला तरी घूं घूं होतीच. देविदासनं हेडफोन काढला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आता काय झालं रे?" बाजेवरून त्याच्या आईनं, मोतीबाईनं विचारलं. विचारलं कसलं, ओठ हलले आणि मागून थोडी हवा आली. उद्या सकाळी नांदेडला तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. जीवाला धोका नाही, पण आवाज राहील का ते सांगता येत नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. आणि त्याच्या बहिणीचं, निताचं लग्न दिवाळीनंतर.

तांड्यावरची पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडणंच ते, पण सुरात. पोरीनं म्हणायचं आणि आईनं त्याच सुरात तिची समजूत घालायची. याडीचा आवाज नसेल तर मी मांडवातून पाय काढायची नाही, असं निता धरूनच बसली होती. याडी म्हणजे आईच. तांड्यावर तसंच म्हणतात.

घरातल्या टेपनं मावशीच्या गाण्यांची कॅसेट मागंच चघळून टाकलेली. त्यामुळे आईचा आवाज भरून ठेवायची सगळी भिस्त या कॉम्प्युटरवर. देविदासनं एकेक पार्ट आणून हातानं जोडलेला, डोंगरकडा गावाकडच्या तांड्यांत पहिलाच. एरवी काय रुबाब असायचा त्याचा! पण मोतीबाईचा आवाज उरला होता कुजबुजीएवढा, माईकची वायर हातभर, आणि त्या कुजबुजीच्या उरावर मशीनचा पंखा गिरणीसारखा चालायचा.

पहिला पंखा पार्टांबरोबरच आलेला. थंड ठेवायचा, पण बोंबलायचा. दुसरा मोठा, सावकाश फिरणारा. आवाज नावालाच, पण मे महिन्यात हिंगोलीकडं त्याच्यानं काय होणार? मशीन तापून बंद. तिसरा नांदेडच्या दुकानदारानं 'एकदम सायलेंट' म्हणून दिलेला. त्याच्या चारी कोपऱ्यांना देविदासनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, म्हणजे थरथर पत्र्यात उतरू नये. पॉवर सप्लायच्या डब्यातही एक पंखा, म्हणून तो डबा वायरी ताणून खिडकीबाहेर ठेवला. छताचा पंखाही बंद केला. तिघं घामानं निथळून राहिले होते, आणि ती मेली घूं घूं काही जाईना. त्यात लाईट जायची वेळ होत आलेली.

"काढूनच टाक ना त्याला," निता म्हणाली.

"काढला तर तापल."

"मग मी वारा घालते की." तिनं खुंटीवरचा हातपंखा काढला.

देविदासनं तिच्याकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. पंख्याची पिन उपसली. स्क्रीनच्या कोपऱ्यात गरमीचा आकडा होता. तो सत्तरला गेला की मशीन आपोआप बंद, आणि मधेच बंद झालं की रेकॉर्डिंग गेलं. पुन्हा म्हणायला मोतीबाईच्या गळ्यात काही उरलं नव्हतं.

"म्हण याडी. लवकर म्हण."

मोतीबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. "असं कसं म्हणू? पोरगी तिकडं, मी इकडं. गळ्यात पडल्याबिगर ढावलो निघतो व्हय? ते काय सिनेमाचं गाणं हाय?"

"अगं, मशीन तापून राहिलं!"

"तापू दे. मला न्हाई जमत."

निताला काय, तेवढंच पाहिजे होतं. तिनं हातपंखा भावाच्या हातात कोंबला आणि आईच्या गळ्यात पडली. देविदासच्या एका हातात माईक, दुसऱ्यात पंखा. दोघींनी सूर लावला. साठ. निता आधी नुसतीच रडली, मग शब्द आले. मोतीबाईचा आवाज सुतासारखा बारीक निघाला, पण तुटला नाही. चौसष्ट. देविदास जीव खाऊन वारा घालत होता आणि मनातल्या मनात तांड्याच्या देवाला, सेवाभायाला हाका मारत होता. तिकडची माणसं आपलीच समज, अशी आई पोरीला समजावत होती. सदुसष्ट. सणाला तुझा भाऊ तुला आणायला येईल, वाटेकडं डोळे लावून बस, म्हणत होती. देविदासला आकडा नीट दिसेना. घाम डोळ्यांत गेला असेल म्हणून त्यानं खांद्यानं डोळे पुसले. एकोणसत्तर.

मोतीबाई थांबली. तिनं निताच्या पाठीवर थाप मारली आणि हात खाली सोडला. देविदासनं माईक टाकून सेव्हवर बोट मारलं. पट्टी इंचाइंचानं सरकली, भरली. त्यानं झटकन पिन खोचली आणि पंखा पुन्हा घूं घूं करू लागला. इतका गोड त्याला तो कधी वाटला नव्हता.

मशीन जरा निवल्यावर त्यानं आवाज स्पीकरवर लावला. रेकॉर्डिंगमधे घूं घूं नाही. निताचा सूर आला, आईचा आला, बारीक, पण शब्द न् शब्द लख्ख. मोतीबाई स्वतःचाच आवाज मान हलवत ऐकत होती. आणि भावाची ओळ आली तसा दोघींच्या वर एक तिसराच आवाज उठला. नाक ओढल्याचा, हुंदक्यांचा, अगदी माईकजवळून.

"हे कोण रे?" निता म्हणाली.

देविदासचे कान लाल झाले. बिनआवाजाच्या पंख्यासाठी त्यानं नांदेडचं सगळं मार्केट पालथं घातलं होतं. "तेवढं कापून टाकतो," तो स्क्रीनकडंच बघत म्हणाला. "कॉम्प्युटरवर येतं कापता."

मोतीबाईनं त्याचं मनगट धरलं. उरलासुरला सगळा आवाज गोळा केला.

"हात लावू नको त्याला. माझा गेला तर उद्यापासून तिच्या माहेराला तेवढाच आवाज हाय."